अर्धा अध्यक्षबाईंचा, अर्धा सचिवबाईंचा

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. राजुऱ्याच्या आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं मात्र ढिगाने होती. वडील कोळसा खाणीत कामाला. पाळी सुटली की गेटवर उभं राहून पत्रकं वाटायचे आणि उरलेली घरी आणायचे. आई ती डब्यांच्या फळीवर अंथरायची. हळदीचा डबा काढायला हात वर केला की डोळ्यांसमोर ठळक मथळा यायचा. शाळेतल्या पहिल्या धड्याआधी मला 'जाहीर निषेध' वाचता येत होतं.

ती पत्रकं लिहिणारा माणूस अधूनमधून आमच्याकडे जेवायला यायचा. सगळे त्यांना भाऊ म्हणत, म्हणून मीही भाऊच म्हणायचे. विषय कुठलाही असो, खाणीतली धूळ, पुनर्वसन, रेशन, त्यांच्या पत्रकात शेवटाकडे एक गोष्ट यायचीच: गावाला विचारल्याशिवाय गावाच्या नावाने कोणी सही करायची नाही. लहानपणी मला वाटायचं, हा कुठेतरी लिहिलेला कायदाच आहे.

पुढे भाऊ नागभीडला गेले आणि त्या भागातल्या तलावांवर मासेमारी करणाऱ्या गावसंस्थांचा एक संघ त्यांनी उभा केला. मी कॉम्प्युटरचं शिक्षण घेऊन नागपुरात एका कंपनीत होते. भाऊंचा फोन आला. म्हणाले, "इथी मेलचा नुसता खिचडा होऊन राह्यला आहे. येतेस का?" मी दुसऱ्या आठवड्यात बॅग भरून नागभीडला हजर.

खिचडा खराच होता. प्रत्येक संस्थेचा मेल वेगळ्या ठिकाणी. एका गावाचा पत्ता तालुक्याच्या इंटरनेटवाल्याने काढलेला आणि पासवर्ड त्याच्याच वहीत. एका गावाचा मेल माजी अध्यक्षाच्या जावयाच्या मोबाइलमध्ये, आणि जावई पुण्याला. ठरावाचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर, सुप्रभातच्या गुलाबांखाली गाडलेले. मत्स्य विभागाचं पत्र आलं तर ते कुठे आलं हे शोधण्यातच उत्तराची मुदत संपायची. एका संस्थेचा तलाव केवळ त्यापायी वर्षभर अडकून पडला होता.

मी भाऊंना सुचवलं की सगळ्या संस्थांचे मेल, फायली, निरोप, बैठकांच्या तारखा, सगळं एकाच व्यवस्थेत आणू. एक डोमेन, प्रत्येक गावाचा त्यावर आपला पत्ता, प्रत्येक गावाचं आपलं कपाट. कोणतं पत्र कधी आलं, कोणी उघडलं, सगळ्याची नोंद राहील. मी त्यावर एक पत्रकही लिहिलं. मथळा होता 'आपली पत्रं, आपल्याच हाती'. भाऊंनी त्यातला एक शब्दही बदलला नाही. त्या दिवशी मी ऑफिसातून खोलीवर उड्या मारत गेले.

गावोगाव फिरून काम सुरू झालं. बहुतेक ठिकाणी लोक सुटलो म्हणायचे आणि पासवर्ड कागदावर लिहून हातात द्यायचे. अडलं ते एकाच गावात. तिथली संस्था बायांची होती. तलाव मोठा, जुना, एका कडेला शिंगाड्याची वेल, दुसऱ्या कडेला देवधान, पाण्यात आपोआप उगवणारा रानभात. मरळ ही इथली मासोळी अजून टिकून होती, कारण या बायांनी बाहेरचं मत्स्यबीज तलावात कधी येऊ दिलं नव्हतं.

त्या गावाची एक रीत होती. पूर्वी संस्था पुरुषांची असताना एका सचिवाने एकट्याने शिक्का मारून तलाव बाहेरच्या माणसाला दिला होता. तो परत मिळवण्यात बायांची उमेदीची वर्षं गेली. तेव्हापासून शिक्क्याच्या पेटीला दोन कुलपं, दोन किल्ल्या दोन घरांत. संस्थेचा मेल निघाला तेव्हा त्यांनी तीच रीत त्यालाही लावली. पासवर्डचा पहिला अर्धा अध्यक्षबाईंना ठाऊक, दुसरा सचिवबाईंना. बाजाराच्या आदल्या दिवशी दोघी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, पिंपळाखाली बसायच्या, कारण रेंज तिथेच. अध्यक्षबाई आपला अर्धा एकेक अक्षर शोधत टाकायच्या, तेव्हा सचिवबाई पाण्याकडे तोंड करून बसायच्या. मग मोबाइल हातातून हातात जायचा आणि अध्यक्षबाई तोंड फिरवायच्या. मेल उघडला की मोठ्याने वाचायचा. उत्तरही आधी मोठ्याने वाचून मगच पाठवायचं.

अध्यक्षबाई साठीच्या, सही करण्यापुरत्या शिकलेल्या. सचिवबाई तिशीतल्या, दहावी झालेल्या. मी त्यांना म्हटलं, जुने मेल नव्या ठिकाणी न्यायचे तर मला पासवर्ड लागेल.

"तुले पाह्यजे का पासवर्ड?" अध्यक्षबाई म्हणाल्या. "मंग अर्धाच भेटन. दुसरा अर्धा माह्याजवळ हायच कुठी?"

"दोघींचा वेगवेगळा सांगा. कानात."

त्या एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. "देवीपुढे नवस बोलाव तसं झालं हे तं," सचिवबाई म्हणाल्या. पण तसंच केलं. आधी एकीने माझ्या कानात सांगितलं, मग दुसरीने. दोन्ही अर्धे पहिल्यांदा एका डोक्यात आले, ते माझ्या. ते मी इथे लिहिणार नाही. जुने झाले तरी त्यांचेच आहेत.

नव्या पत्त्यालाही त्यांनी अर्धा-अर्धा पासवर्ड ठेवला. राहिला कोड. नव्या व्यवस्थेत पासवर्ड टाकल्यावर मोबाइलवर कोड येतो, तो टाकायचा. रेंजमुळे कोड गावात पोचेपर्यंत त्याची वेळ संपायची. पासवर्ड विसरला तरी तो बदलायला त्याच कोडवर भागत होतं. मी यावर तोड काढली आणि मला ती फार हुशारीची वाटली: सगळ्या गावांसाठी ऑफिसचा मोबाइल नंबर देऊन टाकला. कोड ऑफिसला येईल, गावाने फोन करायचा, आम्ही सांगायचा.

सचिवबाईंनी तिथेच विचारलं, "तो कोड कोणाले येईन?"

"ऑफिसच्या फोनवर. मी असतेच ना तिथे."

"म्हणजे तिसरा तुकडा तुमच्याजवळ."

"हो. माझ्याजवळच."

तो तिसरा तुकडा नव्हता. दोन्ही किल्ल्यांशिवाय पेटी उघडणारी आख्खी किल्ली होती. मला हे कळत होतं का? कामाच्या भाषेत कळत होतं. पण ऑफिस म्हणजे भाऊ, आणि भाऊंवर संशय घ्यायची सवयच मला कधी लागली नव्हती. ऑफिसचा मोबाइल भाऊंच्या टेबलावर, खिडकीजवळ असायचा. भाऊ स्वतःचा पासवर्ड दर महिन्याला विसरायचे. मीच त्यांना शिकवलं होतं, "हे बटण दाबायचं, कोड येईल, तो टाकायचा, नवा पासवर्ड द्यायचा." त्यांनी ते डायरीत लिहून घेतलं होतं, माझ्यासमोर, वळणदार अक्षरात. त्याच अक्षरातला मजकूर छापून आमच्या फळीवर अंथरलेला असायचा.

बायांना तालुक्याला खेपा पडू नयेत म्हणून मी आणखी एक काम केलं. प्रत्येक संस्थेचं लेटरहेड, शिक्का आणि सह्या स्कॅन करून कपाटात ठेवल्या. सगळं सोयीचं, सगळं एका ठिकाणी.

उन्हाळ्याच्या तोंडावर आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि मी चार दिवस राजुऱ्याला गेले. परत आले त्या दिवशी सकाळीच सचिवबाईंचा फोन.

"ताई, पासवर्ड घेऊनच नाई राह्यला. तीनदा टाकला."

मागून अध्यक्षबाईंचा आवाज आला. "इनं आपलावाला बदलवला असन, इचार तिले!"

"मी काऊन बदलवू? तुमीच इसरल्या. काल चष्मा कुठी ठेवला थे बी तुमच्या ध्यानात नोहोतं."

"चष्मा इसरते मी. मासोळीचं नाव नाई इसरत!"

"घ्या! सांगून टाकला अर्धा अख्ख्या पाळीले."

मला हसू आवरेना. म्हटलं, थांबा, मी बघते. त्या फोनवर भांडत राहिल्या आणि मी खात्याची नोंद उघडली. हसू तिथेच थांबलं. तीन दिवसांपूर्वी, बाजाराच्या दिवशी भर दुपारी, पासवर्ड बदलला होता. कोड ऑफिसच्या मोबाइलवर गेला होता. खातं ऑफिसच्याच कॉम्प्युटरवरून उघडलं होतं. त्या दुपारी या दोघी बाजारात मासे विकत होत्या आणि मी आईच्या डोळ्यात थेंब घालत होते.

पाठवलेल्या मेलमध्ये एकच नवं पत्र होतं, मत्स्य विभागाला. संस्थेला तलाव एकटीने चालवणं जमत नाही, म्हणून ठेक्याची उरलेली वर्षं तलाव एका खाजगी बीजवाल्याबरोबर भागीदारीत चालवायला संस्थेची सहमती आहे, कोणाचीही हरकत नाही. वर त्यांचं लेटरहेड. खाली त्यांचा शिक्का. मी स्कॅन केलेला. शिक्क्याची डावी कड मी घाईत थोडी कापली होती, तीही तशीच कापलेली.

पत्र पुसलेलंही नव्हतं. हे मला सगळ्यात जास्त लागलं. पुसायची गरजच वाटली नसणार.

मी फोनवर म्हटलं, "तुमच्यातलं कोणीच विसरलेलं नाही. मी येते." आणि भाऊंच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले. पत्राची प्रत त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ती वाचली नाही. चहावाल्याला हाताने दोन अशी खूण केली.

"बस."

"हे तुम्ही पाठवलंत?"

"बस तर आधी."

"भाऊ, हे तुम्ही पाठवलंत?"

"हो." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तो माणूस बाकीच्या सगळ्या तलावांले बीज देणार आहे. बर्फाची पेटी, गाडी, सगळं. त्याची एकच अट होती, आधी हा मोठा तलाव. एका तलावापायी बाकीची गावं अडकून राह्यली होती."

"मग गावाला विचारायचं."

"विचारलं असतं तर त्या बाया नाहीच म्हणाल्या असत्या."

"म्हणून नाही विचारलं?"

त्यांनी पत्राची प्रत उलटी करून ठेवली. मग म्हणाले, "तुले वाटते मी पैसे खाल्ले?"

"नाही. खाल्ले असते तर मला सोपं गेलं असतं."

"पत्रकं लिहिणं सोपं असते गं. चालवणं वेगळं. तूच म्हणालीस ना, सगळं एका ठिकाणी आणू? आणलंस. चांगलं केलंस. एका ठिकाणी आलं म्हणून तर कामं होऊन राह्यली."

चहा आला. त्यांनी माझा कप माझ्याकडे सरकवला, लहानपणी आमच्या घरी सरकवायचे तसाच. मला ओरडायचं होतं. मी पत्रकांची मुलगी, मला ओरडता येतं, मोर्च्यात माझा आवाज सगळ्यांच्या वर असायचा. पण तोंडातून एवढंच निघालं, "गावाला विचारल्याशिवाय गावाच्या नावाने कोणी सही करायची नाही. हे कोणी लिहिलं होतं?"

"मीच लिहिलं होतं," भाऊ म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले.

मी नोंदीची छापील प्रत काढली, लॅपटॉप पिशवीत घातला आणि बस पकडली. गाव अर्ध्या वाटेवर असतानाच लॅपटॉपने मला बाहेर काढलं. मीच उभ्या केलेल्या व्यवस्थेत आता माझं खातं नव्हतं. तेही भाऊंना मीच शिकवलं होतं. कोणी काम सोडून गेलं तर त्याचं खातं कसं बंद करायचं, हे डायरीच्या पुढच्या पानावर होतं.

पाळीवर बऱ्याच बाया जमल्या होत्या. अध्यक्षबाई एका बाजूला बसल्या होत्या, सचिवबाई दुसऱ्या बाजूला, मध्ये माणूस झोपेल एवढी जागा. सकाळपासून बोललेल्या नव्हत्या. मी उभ्याने सगळं सांगितलं. काय पाठवलं गेलं, कधी, कुठून, कोणी. नोंदीचा कागद वाचून दाखवला.

कागद बायांच्या हातोहात फिरला. मग सचिवबाई उठल्या आणि अध्यक्षबाईंच्या शेजारी जाऊन बसल्या. "इसरभोळ्या म्हटलं मी तुमाले."

"आन् मी तुले चोर म्हटलं. मनात म्हटलं, पन म्हटलं." अध्यक्षबाईंनी पदराने नाक पुसलं. "त्या बुवानं आमाले एकमेकीपासून तोडलं व. तलाव तं मंग तोडला असता."

मग दोघींनी माझ्याकडे पाहिलं.

"तो कोड कोणाले येईन, हे मी इचारलं होतं तुमाले," सचिवबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता.

"हो. विचारलं होतं."

"तुमी म्हटलं, माह्याजवळ."

"हो."

"तुमच्याजवळ होता का?"

"नाही."

भाऊंबद्दल माझ्याकडे पुष्कळ शब्द होते. येताना बसमध्ये मी अख्खं पत्रक मनात लिहिलं होतं, मथळ्यासकट. त्यात विश्वासघात होता, ढोंग होतं, मी मात्र कुठेच नव्हते.

अध्यक्षबाईंनी ठरावाची वही मागवली. पेटी आली, दोन किल्ल्या दोन बाजूंनी आल्या, कुलपं निघाली. मला म्हणाल्या, "लिव्ह. तुह्यं अक्षर चांगलं हाय." मी लिहिलं की संस्थेने अशी सहमती कधी दिलेली नाही. पत्र संस्थेच्या नावाने, संस्थेला न विचारता पाठवलं गेलं.

"आता तुह्यंवालं लिव्ह."

"माझं?"

"दोन्ही अर्धे तूच नेले होते ना? कोडाचा नंबर तूच देल्ला ना? थे बी लिव्ह. नाईतं उद्या साहेब म्हणन का चोर आकाशातून उतरला."

मी लिहिलं. पासवर्डचे दोन्ही भाग मी घेतले. कोडसाठी संघाच्या ऑफिसचा नंबर मी दिला. शिक्का आणि सह्या मी स्कॅन केल्या. त्यांच्या रीतीप्रमाणे सही करण्याआधी मोठ्याने वाचावं लागलं. मोर्च्यात वर चढणारा माझा आवाज तिथे मागच्या रांगेपर्यंत पोचला नाही. मागून कोणीतरी म्हणालं, "जोरात वाच व पोरी, आयकू नाई येत." मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी मत्स्य विभागाच्या कार्यालयात गेलो. साहेबांनी फाइल उघडली आणि पत्र आमच्याकडे फिरवलं. "मेल तुमच्याच पत्त्यावरून आलेला आहे. लेटरहेड तुमचं, शिक्का तुमचा. आता नाही म्हणता?"

"शिक्का आमचा हाय," अध्यक्षबाई म्हणाल्या, "पन मारला कोनं? शिक्का मारला असता तं वहीत ठराव असता. पाहा. त्या तारखेले वहीत हाय का काही?"

साहेबांनी वही चाळली. त्या तारखेच्या आसपास शिंगाड्याच्या वाटपाचा ठराव होता आणि एका जाळ्याच्या दुरुस्तीचा. मग त्यांनी माझ्या हातचं पान वाचलं, दोनदा. वर पाहून मला विचारलं, "हे तुम्ही स्वतःविरुद्ध लिहून दिलंय, कळतंय ना?"

"कळतंय."

नोंदीचा कागद त्यांनी फाइलला लावला. सचिवबाई म्हणाल्या, "साहेब, तोंडानं नका सांगू. लिव्हून द्या." आणि खुर्चीत बसूनच राहिल्या. शेवटी साहेबांनी पत्रावरच पेनने लिहिलं: पत्राबाबत वाद, चौकशी होईपर्यंत पुढील कारवाई करू नये. खाली सही, तारीख. सचिवबाईंनी त्याचा मोबाइलवर फोटो काढला, मग खात्रीसाठी आणखी एक.

तलाव अजून त्यांच्याकडे आहे. चौकशी चालू आहे, म्हणजे फाइल कपाटात आहे. भाऊ संघात आहेत. बाकीच्या गावांचे मेलही त्याच व्यवस्थेत आहेत, त्याच नंबरवर कोड जातो. मी प्रत्येक गावाला पत्र लिहून कळवलं, टपालाने. चार गावांनी नंबर बदलून घेतला. एका गावातून निरोप आला, भाऊंनी केलं असेल तर भल्यासाठीच केलं असेल. माझ्या वडिलांनीही हेच म्हटलं. मी त्या दिवशी राजुऱ्याच्या घरी फळीवरचे जुने कागद ओढून काढायला निघाले होते. आई डोळ्यावर हिरवी पट्टी लावून बसली होती. ती म्हणाली, "फाडू नको. त्यात लिहिलेलं खोटं नाही." मग डबे खाली उतरवून तिने ते कागद काढले आणि पेटीत ठेवले.

मे महिन्यात सचिवबाईंचा फोन आला. त्यांना नवा पत्ता काढायचा होता, संघाच्या व्यवस्थेबाहेर, स्वतःचा. मी गेले. पिंपळाखाली मोबाइलवर सगळं भरून दिलं, आणि पासवर्डची जागा आली तसा मोबाइल अध्यक्षबाईंच्या हातात दिला.

अध्यक्षबाईंनी चष्मा लावला. सचिवबाईंनी नेहमीसारखं पाण्याकडे तोंड केलं. मी तिथेच बसून होते. आधी मी नेहमी तशीच बसायचे, दोघींच्या मध्ये, आणि मला कोणी कधी काही म्हटलं नव्हतं.

अध्यक्षबाईंचं बोट हवेतच थांबलं होतं. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"पोरी, तू बी फिरव तोंड."

मी फिरवलं. देवधानात दोन बगळे उभे होते. मागे एकेक अक्षर शोधून दाबल्याचा टकटक आवाज येत होता, मग मोबाइल हातातून हातात गेल्याचा, मग पुन्हा टकटक, या वेळी भराभर.

"कोडसाठी कुठला नंबर देताय?" मी पाण्याकडे बघतच विचारलं.

"थे आमी पाहू," सचिवबाई म्हणाल्या. मग त्या उठून पाळीच्या उंच टोकाकडे गेल्याचं पावलांवरून कळलं. कोड पहिल्यांदा आला नाही. दुसऱ्यांदाही नाही. कोणी मला वळ म्हटलं नाही, म्हणून मी वळले नाही. तिसऱ्यांदा लांबून मोबाइल वाजला, आणि अध्यक्षबाई माझ्या मागून ओरडल्या, "आला का व? मोठ्यानं वाचू नको, आपलं आपलं टाक!"